फूट-पौंडांचें स्तोम

अमेरिकेंत नोव्हेंबर उजाडला म्हणजे लक्षावधि माणसें हरणाच्या शिकारीस बाहेर पडतात. मिशिगनमध्यें तर बंदुकीच्या हंगामाचा पहिला दिवस, १५ नोव्हेंबर, हा एखाद्या सणासारखाच पाळला जातो. या शिकाऱ्यांपैकीं बहुतेकांच्या हातीं रायफल किंवा शॉटगन असते. परंतु थोडे असेहि असतात कीं, जे केवळ कमरेस लावलेल्या हत्यारावर ही शिकार करूं पाहतात. रिव्हॉल्व्हर काय, पिस्तूल काय, दोहोंसहि आम्ही येथें सोयीसाठीं पिस्तूल हाच शब्द योजूं. या पिस्तुलांत हरणासाठीं कोणतें काडतूस घालावें, हा प्रश्न वरवर पाहतां सोनारानें कोणती हातोडी घ्यावी या प्रश्नाइतकाच खाजगी व निरुपद्रवी दिसतो. तो तसा नाहीं. चुकीच्या निवडीची शिक्षा निवडणाऱ्यास होत नसून, पोटांत गोळी घेऊन झुडपांत शिरलेल्या आणि दुसऱ्या दिवशीं मेलेल्या मुक्या प्राण्यास होते. आणि ही चुकीची निवड आज ज्या एका आकड्याच्या नांवानें राजरोस केली जाते, त्या आकड्याची पूजा थांबली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मराठी मासिकांत ही चर्चा कशाला, असें कोणी विचारील. आमच्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा विषय निकालांत काढला, व तें योग्यच झालें. परंतु ज्या घरांतील मुलें-मुली ओहायो-पेनसिल्व्हानियाकडे स्थायिक झालीं आहेत अशीं घरें आमच्या वाचकवर्गांत थोडीं नाहींत. तेथील शेजारी हंगामांत शिकारीचें आमंत्रण देतो, दुकानदार माहितीपत्रक पुढें करतो, आणि इंजिनियर झालेला आमचा मुलगा त्यांतील आकड्यांच्या कोष्टकावर झडप घालतो. कारण आकडा दिसला कीं त्यावर विश्वास ठेवणें हेंच त्याला आम्हीं शिकविलें आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मारणें तें मारणेंच. मग तें या काडतुसानें काय आणि त्या काडतुसानें काय? आम्हांस हा युक्तिवाद मान्य नाहीं, व तो आमच्या परंपरेसहि मान्य नव्हता. आदिपर्वांत मृगरूप घेतलेल्या किंदम ऋषीला पांडूनें मैथुनसमयीं बाण मारला. तेथें किंदम पांडूला मृगयेबद्दल दोष देत नाहीं; मृगया हा राजांचा व्यवहार आहे हें तो मान्य करतो. क्षणभर थांबण्याइतकी दया तुझ्यापाशीं नव्हती काय, एवढाच त्याचा प्रश्न आहे आणि त्याच प्रश्नाच्या पोटीं शाप आहे. रघुवंशाच्या नवव्या सर्गांत दशरथ एका हरणावर बाण जोडतो, पण त्याची सहचरी आड येऊन उभी राहिलेली पाहतांच धनुष्य खालीं घेतो. आणि त्याच सर्गाच्या शेवटीं तोच दशरथ न दिसणाऱ्या लक्ष्यावर, केवळ आवाजाच्या भरंवशावर, बाण सोडतो व एका तपस्व्याच्या मुलाचा प्राण घेतो. कसें मारावें, केव्हां मारूं नये, हा विचार ज्यांनीं इतक्या बारकाईनें केला त्यांच्या वंशजांनीं हा प्रश्न क्षुल्लक मानूं नये.

आतां त्या आकड्याकडे वळूं. काडतुसांच्या प्रत्येक माहितीपत्रकांत गोळीचें वजन ग्रेनमध्यें आणि वेग सेकंदास फुटांत दिलेला असतो. त्याच्या शेजारीं तिसरा रकाना असतो तो ऊर्जेचा. एक पौंड वजन एक फूट उचलण्यास जें श्रम लागतात तो एक फूट-पौंड. गोळीचें वजन आणि वेगाचा वर्ग यांचा गुणाकार करून हा आकडा काढतात. वेगाचा वर्ग होतो, वजनाचा होत नाहीं. म्हणून हलकी पण चपळ गोळी या रकान्यांत फुगून दिसते आणि जड, संथ गोळी दुबळी ठरते. गणित निर्दोष आहे. त्या गणितावरून हरीण किती लवकर मरेल हें ठरविणें मात्र शुद्ध भ्रम आहे.

उदाहरणें घ्यावीं. २२३ रेमिंग्टन या नांवाचें रायफलीचें एक लहान काडतूस आहे. त्याची ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची, गोळी सेकंदास ३२४० फूट वेगानें निघते आणि तिच्या नांवावर सुमारें १२८० फूट-पौंड जमा होतात. उलट ४४ मॅग्नम हें पिस्तुलाचें नामांकित काडतूस. त्याची २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची, गोळी सुमारें १३५० फुटांनीं निघाली तर तिच्या वांट्यास ९७० च्या आसपास फूट-पौंड येतात. आकडाच प्रमाण मानावयाचा तर पहिलें श्रेष्ठ. पण अमेरिकेंतील कित्येक राज्यांनीं हरणासाठीं या पहिल्या जातीस मज्जाव केलेला आहे! याहून मौजेचें उदाहरण धनुष्यबाणाचें. आजच्या यांत्रिक धनुष्यांतून सुटलेला ४०० ग्रेनचा बाण सेकंदास २८० फूट गेला, तर त्याची ऊर्जा भरते जेमतेम ७० फूट-पौंड. ९७० कोठें आणि ७० कोठें! तरीहि अमेरिकेंत धनुष्यानें हरीण मारण्याचे स्वतंत्र हंगाम आहेत, आणि धारदार पात्याचा बाण फुप्फुसांतून आरपार गेला म्हणजे हरीण थोड्याच वेळांत कोसळतें. फूट-पौंडांचा उपासक येथें गप्प बसतो, किंवा बाणाची गोष्ट वेगळी असें म्हणतो. वेगळी कां, याचें उत्तर त्यानें दिलें असतें तर पुढील सर्व वाद मिटला असता. बाण मारतो तो आपल्या ऊर्जेनें नव्हे, तर पाडलेल्या भोंकाच्या रुंदीनें आणि खोलीनें. पिस्तुलाची गोळीहि तशीच मारते.

हें आमचें पदरचें मत नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या लेटरमन सैनिकी संशोधनसंस्थेंत मार्टिन फॅकलर या शल्यविशारदानें १९८० च्या दशकांत जिलेटिनच्या ठोकळ्यांवर गोळ्या झाडून जखमांचा पद्धतशीर अभ्यास केला. रायफलीची गोळी अतिशय वेगानें शिरते तेव्हां आजूबाजूचें मांस ताणलें जाऊन फाटूं शकतें, विशेषतः गोळीचे तुकडे झाले तर. पिस्तुलाच्या वेगांत तें ताणलेलें मांस बहुधा रबरासारखें परत जागेवर येतें. गोळीनें प्रत्यक्ष चिरडलेली वाट तेवढी जखम म्हणून उरते. म्हणजे पिस्तुलवाल्यानें दोनच गोष्टी विचारावयाच्या: वाट किती रुंद, आणि ती मर्मस्थानापर्यंत व त्यापलीकडे पोंचते कीं नाहीं. ११ एप्रिल १९८६ रोजीं मायामीत केंद्रीय पोलिसांची दरोडेखोरांशीं चकमक झाली. त्यांत एका दरोडेखोरास ९ मिलिमीटरची गोळी नेमकी लागली, दंडांतून छातींत शिरली आणि हृदयाच्या अलीकडेच थांबली. त्यानंतर तो मनुष्य लढत राहिला, आणि त्या दिवशीं दोन पोलिस प्राणांस मुकले. तेव्हांपासून त्या खात्यानें गोळीची परीक्षा जिलेटिनमध्यें निदान १२ इंच शिरते कीं नाहीं यावर करण्यास आरंभ केला. माणसाच्या छातीसाठीं ही अट, तर खांद्याचें हाड पुढें असलेल्या किंवा तिरकस उभ्या राहिलेल्या नराच्या बाबतींत काय म्हणावें! तेथें गोळीस दीड फूटहि प्रवास करावा लागतो.

इतकें असून कायदे करणारे अद्याप रकान्यालाच चिकटून आहेत. व्हर्जिनिया राज्याचा नियम असा कीं, हरणासाठीं पिस्तुलाचें काडतूस ०.२३ इंच किंवा त्याहून मोठ्या व्यासाचें असावें आणि कारखानदाराच्या हिशेबानें नळीच्या तोंडाशीं त्याची ऊर्जा ३५० फूट-पौंडांहून कमी नसावी. हेतु चांगला आहे. परिणाम पाहा. १२४ ग्रेनची ९ मिलिमीटरची गोळी ११५० फुटांनीं निघाली तर तिचे सुमारें ३६५ फूट-पौंड होतात. ती परीक्षेंत उत्तीर्ण. १८७० च्या दशकापासून चालत आलेलें ४५ कोल्ट हें काडतूस जर हौशी नेमबाजांसाठीं सौम्य भरलेलें असेल, म्हणजे २५० ग्रेनची गोळी ७५० फुटांनीं, तर त्याचे होतात ३१२, तें अनुत्तीर्ण. हातांत दोन्ही देऊन यांतील कोणती गोळी आडव्या उभ्या हरणाच्या बरगड्यांतून पलीकडे जाईल असें विचारलें, तर कोणताहि जुना शिकारी दुप्पट वजनाच्या त्या बोजड शिशाच्या गोळीकडेच बोट दाखवील. त्या सौम्य भरणीचा आम्ही कैवार घेत आहों असें नव्हे. तिच्याहून चांगलीं काडतुसें पुष्कळ आहेत. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जी फूटपट्टी या दोहोंत उलटा निवाडा करते ती फूटपट्टी मोडकी आहे. व्यासाची अट घालून कायद्यानेंहि तें अप्रत्यक्षपणें कबूल केलें आहे. ऊर्जेवर त्याचा खरोखर विश्वास असता, तर व्यास मोजण्याची गरज त्यास कां पडावी?

या आकड्याच्या नादानें दुसरीकडे जो अतिरेक झाला त्याची कथा अधिक लांबट आहे. १९३५ मध्यें स्मिथ अँड वेसन कंपनीनें ३५७ मॅग्नम बाजारांत आणलें, आणि डग्लस वेसन यानें त्याच्या प्रचारासाठीं एल्क, मूस व ग्रिझली अस्वल अशीं मोठमोठीं जनावरें त्या एकाच हत्यारानें मारून दाखविलीं. जाहिरात म्हणून ती अपूर्व होती. नमुना म्हणून अनुकरणीय नव्हती. इकडे आयडाहो प्रांतांतील एल्मर कीथ नांवाचा एक गुराखी-शिकारी जुन्या ४४ स्पेशलच्या काडतुसांत दारू ठासून आणि रुंद, सपाट टोकाच्या जड शिशाच्या गोळ्या ओतून आपले प्रयोग करीत होता. त्यानें कंपन्यांचा पिच्छा पुरविला आणि १९५५ च्या सुमारास रेमिंग्टन व स्मिथ अँड वेसन यांनीं मिळून ४४ मॅग्नम निर्माण केलें. कीथचा स्वभाव अभिनिवेशी होता व त्याच्या लेखणीस लगाम नव्हता. तथापि फूट-पौंडांच्या कोष्टकांस त्यानें जन्मभर हसण्यावारी नेलें, आणि रुंद टोक, जड वजन, आरपार भोंक या त्रयीचा आग्रह धरला. पुढील संशोधनानें न्याय त्याच्याच बाजूनें दिला आहे.

परंतु शिष्यांनीं गुरूचें सूत्र सोडून त्याच्या हत्याराचा आकार तेवढा घेतला. १९७१ मध्यें ‘डर्टी हॅरी’ हा बोलपट आला. त्यांतील पोलिसाच्या हातीं ४४ मॅग्नम होतें. मग ज्यानें आयुष्यांत हरीण पाहिलें नव्हतें त्यालाहि तें हत्यार हवेंसें झालें. त्यानंतर ४५४ कॅसुल, २००३ मध्यें ५०० स्मिथ अँड वेसन, २००५ मध्यें ४६०. ५०० च्या लांब नळीच्या पिस्तुलाचें वजनच दोन किलोच्या घरांत जातें, आणि त्याच्या कित्येक भरणींचा आकडा अडीच हजार फूट-पौंडांवर चढतो. साठ-सत्तर किलोच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठीं हें हत्यार म्हणजे उंदीर मारण्यास तोफ आणणें होय. तोफेनें उंदीर मरतो हें खरें, पण ती डागणाऱ्याची अवस्था काय होते? धक्क्याच्या भीतीनें मनुष्य बार उडण्यापूर्वींच डोळे मिटतो, मनगट आपोआप खालीं खेंचतो, आणि छातीवर धरलेला नेम पोटावर किंवा पुढच्या पायावर जातो. हें त्याचें त्यालाहि कळत नाहीं, कारण धक्का आणि धूर यांच्या गडबडींत नळी कोठें गेली होती तें दिसत नाहीं. तें दाखवून देण्याची युक्ति जुनी व फुकटची आहे. दुसऱ्यानें चक्रांत भरलेल्या काडतुसांमध्यें एक-दोन रिकामीं घालावीं व हत्यार नेमबाजाच्या हातीं द्यावें. रिकाम्या काडतुसावर घोडा पडतो, बार होत नाहीं, आणि तरीहि नळी वीतभर खालीं डोकें घालते. आमच्या ओळखीच्या एका सद्गृहस्थांची अशी परीक्षा झाली तेव्हां जमलेल्या मंडळींस हंसूं आवरेना. त्याच मनगटानें ते गृहस्थ पुढच्या आठवड्यांत हरणावर बार टाकणार होते हें लक्षांत आल्यावर मात्र तें हंसूं मावळलें.

याच्या उलट टोकास दुसरा पंथ आहे. तो म्हणतो, नेम हेंच सर्वस्व. नेम अचूक असेल तर काडतूस कोणतेंहि चालेल, खिशांतलें ९ मिलिमीटरसुद्धां. यांत अर्धें सत्य आहे आणि अर्धें सत्यच अधिक घात करतें. हरीण तसबिरीसारखें आडवें उभें राहील, मध्यें फांदी नसेल, वारा पडलेला असेल, तर लहान गोळीनेंहि काम होईल. पण जनावर शेवटच्या क्षणीं वळतें. गोळी खांद्याच्या हाडावर पडते, आणि स्वसंरक्षणासाठीं केलेली पोकळ टोकाची हलकी गोळी तेथेंच फुलून थांबते. ती गोळी तशी थांबावी म्हणूनच घडविलेली असते. माणसाच्या अंगांतून पलीकडे जाऊन निरपराध्यास लागूं नये, हा तिचा गुण. हरणाच्या बाबतींत तोच गुण दोष होतो. ३५७ मॅग्नममध्यें मिळणाऱ्या ११० किंवा १२५ ग्रेनच्या गोळ्या अशाच. त्यांच्या फूट-पौंडांवर भाळून त्या हरणासाठीं घेणारा मनुष्य काडतुसाचें नांव बरोबर वाचतो आणि गोळी चुकीची घेतो. पलीकडच्या बाजूस भोंक पडणें एवढ्यासाठीं महत्त्वाचें कीं, हृदयांत गोळी लागलेलें हरीणहि पुष्कळदां कांहीं अंतर धांवतें. पानगळीच्या रानांत तें शोधावयाचें तें रक्ताच्या मागावरून. एकच भोंक, तेंहि वरच्या अंगास, असलें तर रक्त आंत सांठतें, बाहेर ठिबकत नाहीं, आणि संध्याकाळ होते.

मग निवड कशी करावी? आमच्या मतें आधीं हात ठरवावा, मग गोळी, आणि काडतुसाचें नांव सर्वांत शेवटीं. ज्याच्या हातास ४४ मॅग्नमचा धक्का झेपतो त्यानें २४० ग्रेनच्या आसपासची, रुंद टोकाची, लवकर न फुटणारी गोळी घ्यावी. हरणासाठीं याहून अधिक कशाचीहि गरज नाहीं. त्याच पिस्तुलांत ४४ स्पेशलचीं सौम्य काडतुसें चालतात, म्हणून सराव वर्षभर स्वस्तांत व न दचकतां करतां येतो. ज्यास तो धक्का सोसत नाहीं त्यानें ३५७ मॅग्नम १५८ ते १८० ग्रेनच्या जड गोळीसह घ्यावें, अंतर ४०-५० यार्डांच्या आंत ठेवावें, आणि तिरकस उभ्या जनावरावर बार टाकूं नये. यांत कमीपणा कांहींच नाहीं. ४५ कोल्टची भारी भरण ज्या मजबूत पिस्तुलांस सोसते त्यांत तीहि उत्तम. एका अपवादाचा उल्लेख केला पाहिजे: १९६७ पासून निघालेल्या थॉम्प्सन-सेंटरच्या काँटेंडरसारख्या एकबारी पिस्तुलांत रायफलीचीं काडतुसें घालतां येतात. तीं वस्तुतः आंखूड रायफलीच आहेत व त्यांचा विचार त्याच नियमांनीं करावा. शिशाविषयींहि एक शब्द: कॅलिफोर्नियांत १ जुलै २०१९ पासून कोणत्याहि शिकारीस शिशाची गोळी चालत नाहीं, कारण शिकारीचे अवशेष खाणाऱ्या काँडोर गिधाडांस तें विष बाधतें. तेथें तांब्याच्या गोळीस पर्याय नाहीं, व ती चांगली खोल शिरते.

अंतराचा प्रश्न आम्हांस सर्वांत मोठा वाटतो, आणि तोच सर्वांत कमी चर्चिला जातो. एका सहकाऱ्याच्या गोळीनें जखमी झालेल्या म्यूल जातीच्या हरणास कीथनें ४४ मॅग्नमनें सुमारें ६०० यार्डांवरून पाडल्याची हकीकत त्यानें स्वतःच लिहून ठेविली आहे. ती खरी कीं खोटी यावर तिकडे पिढ्यान् पिढ्या तंटा चालला. आम्हांस त्या तंट्यांत रस नाहीं. जखमी जनावर सुटूं नये म्हणून केलेला तो निकराचा प्रयत्न होता, हें मूळ कारण विसरून ६०० हा आकडा तेवढा लोकांनीं उचलला. म्हणजे पुन्हा आकडाच! उघड्या नेमावर साधारण शिकाऱ्याची मर्यादा ५० यार्ड आहे. दुर्बीण बसविली व हात टेकावयास आधार मिळाला, तर फार तर १००. पिस्तुलाची नळी आंखूड, दोन नेमांमधील अंतर वीत-दीड वीत. तेथें हाताचा केसभर कंप पन्नास यार्डांवर काय करतो हें कागदाच्या लक्ष्यावर एकदां पाहिलें म्हणजे पुरे.

म्हणून आमची सूचना अशी कीं, काडतुसाची परीक्षा घेणाऱ्या कायद्यांनीं काडतूस झाडणाऱ्याची परीक्षा घ्यावी. ही कल्पना नवी नाहीं. नॉर्वेंत मोठ्या जनावरांच्या शिकाऱ्यास दर वर्षीं १०० मीटरवरील रेनडियरच्या आकृतीवर पांच गोळ्या झाडून, त्या पांचहि मर्मवर्तुळांत पाडून दाखवाव्या लागतात. जर्मनींत तर हरणावर मुख्य शस्त्र म्हणून पिस्तूल चालवूं देत नाहींत; जखमी जनावरास शेवटची गोळी देण्यापुरतीच त्याची परवानगी आहे. आम्ही इतके कडक होऊं म्हणत नाहीं. परंतु ज्याला पिस्तुलानें हरीण मारावयाचें आहे त्यानें हंगामापूर्वीं, शिकारींत घालणार तेंच काडतूस घेऊन, उभ्यानें किंवा गुडघ्यावर बसून, ५० यार्डांवरील जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळांत सहा गोळ्या ओळीनें टाकून दाखवाव्या, हें मागणें अवाजवी नाहीं. स्वातंत्र्यावर घाला आला अशी ओरड होईल. ती ओरड ३५० फूट-पौंडांच्या नियमावर झाली नाहीं, कारण तो नियम पाळण्यास दुकानांत जाऊन पेटी विकत घेण्यापलीकडे कांहीं करावें लागत नाहीं. ५०० घेऊन आलेला उमेदवार या परीक्षेंत नापास झाला, तर त्याला त्याच दिवशीं दुपारीं ३५७ घेऊन पुन्हा बसण्याची मुभा असावी.